हुंडेकऱ्याची हमी

कऱ्हाडाहून पाटणमार्गे हेळवाकास आलेला बैलांचा तांडा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या गोवळकोट बंदरास लागेपर्यंत जितक्या ठिकाणी थांबे, तितक्या ठिकाणी तो विसाव्यासाठीच थांबे असे समजणे भाबडेपणाचे होईल. कारण पेशवाईच्या उत्तरकाळी जकात ही महालोमहाल निराळी बाब असून ती बहुधा मक्त्याने दिलेली असे, आणि आपला मक्ता फेडून वर चार रुपये उरविण्याची आस धरून बसलेल्या मक्तेदारास एखादा बैल बिनचौकशी पुढे जाऊ देणे मुळीच परवडण्यासारखे नसे. कृष्णाकाठची हळद आणि गूळ खाली उतरावयाचा, कोकणचे मीठ आणि नारळ वर चढावयाचे. त्यात 1801 साली मिरजेपासून सांगली विभक्त झाल्यावर पटवर्धनी मुलखातच नवी हद्द पडली. चौकीवर गोणी उतरविणे, दोरखंड सोडणे, माल पाहणे आणि पुन्हा बैलाची पाठ लादणे यांत जो प्रहर जाई, तो व्यापाऱ्यास प्रत्यक्ष जकातीहून जड वाटत असला पाहिजे. वळवाच्या सरीत सापडलेल्या मिठाची कथा तर न काढलेलीच बरी.

या अडचणीतून जो मार्ग निघाला तो कोणा मुत्सद्द्याने काढलेला नव्हता. मोठ्या पेठांत हुंडेकरी नावाचा एक वर्ग असे. व्यापाऱ्याने त्यास एकरकमी पैसा द्यावा, त्याने वाटेवरील साऱ्या मक्तेदारांशी परस्पर ठरवून घ्यावे, आणि त्यांच्या येणे रकमेबद्दल स्वतः जबाबदार राहावे, अशी ही वहिवाट इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात मोठ्या कुतूहलाने नोंदविली आहे. चौकी उठली नाही आणि तांडाही अडला नाही, याचे श्रेय माझ्या मते हुंडेकऱ्याच्या पतीला आहे. आज हा शब्द निव्वळ माल वाहणाऱ्यास लावतात. त्यातली हमी गळाली.

पुढे आगगाडी मिरजेस आली, घाटवाटेचा व्यापार मुंबईकडे वळला, आणि 1989 पासून न्हावाशेवा हे आपले बंदर झाले. प्रत्येक गोणी उघडून पाहण्याची चौकीची जुनी हौस तरीही सरली नाही: 2007 साली अमेरिकेने कायदा करून तिकडे येणारा प्रत्येक कंटेनर मूळ बंदरातच यंत्राखालून काढावा असे फर्माविले, 2012 ही मुदत घातली, आणि नंतर ती मुदत वाढवीत बसण्याची पाळी अमेरिकेवरच आली.

तासगावचे द्राक्ष मात्र अजून जुन्याच, हमीच्या रीतीने जाते. बागेची नोंदणी, फवारणीच्या अंशाची प्रयोगशाळेतील परीक्षा हे सर्व आधी उरकते. पेट्या शून्य अंशाच्या आसपास थंड करून कंटेनरात भरल्या की निर्यातदार स्वतःच दारास मोहोर लावतो, आणि 2017 पासून त्या मोहोरेत बंदरावरील यंत्रास वाचता येईल अशी खूण असते. मोहोर अभंग असली तर सहसा दार उघडत नाही. संशय आलाच, तर फाल्गुनाच्या उन्हात दार उघडते, आतली थंड हवा बाहेर पडते, आणि मण्यांवर दव धरू लागते.