भरलेली बंदूक, रिकामी बंदूक

बऱ्हाणपूरच्या इतिहासात बंदुकीची एक कथा अशी आहे की, तीत गोळी सुटत नाही आणि तरीही माणूस मरतो. अकबर बादशहाने 1601 च्या जानेवारीत असीरगड घेतला आणि खानदेशचा कारभार शहजादा दानियाल याजकडे सोपविला. दानियालला दोन नाद होते. एक मद्याचा व दुसरा शिकारीचा. मद्यापायी त्याची प्रकृती ढासळू लागली तेव्हा त्याचा सासरा खानखानान अब्दुर्रहीम याने त्याच्याभोवती पहारे बसविले. शहजाद्याची एक आवडती बंदूक होती. तिच्या गोळीला सापडलेला जीव थेट तिरडीवर जातो, अशा अर्थाचे नाव त्याने तिला दिले होते. एका बंदूकवाल्या सेवकाने त्याच बंदुकीच्या नळीत मद्य भरून ते पहाऱ्यातून आत नेले, असे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. नळीतला गंज आणि जळक्या बारुदाचा मळ त्या मद्यात उतरला. ते पिऊन दानियाल अंथरुणास खिळला आणि 1605 मध्ये बऱ्हाणपुरातच मरण पावला.

मराठीत ‘दारू’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दानियालच्या बंदुकीत ते दोन्ही एकत्र आले. परंतु या कथेचे तात्पर्य मद्यनिषेधापुरतेच नाही. बंदुकीच्या पोटात काय आहे हे पाहणाऱ्याला बाहेरून दिसत नाही, हा तिचा मूळ दोष होय. बंदूक भरावी कशी आणि उडवावी कशी याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. ती रिकामी कशी करावी याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः माणसांच्या जिवाशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे.

दानियालच्या काळची बंदूक तोड्याची होती. नळीच्या तोंडातून बारूद घालावयाची, वर गोळी घालून गजाने ठासावयाची आणि पेटत्या तोड्याने बार काढावयाचा. एकदा ठासलेली बंदूक रिकामी करण्याचा सोपा उपाय म्हणजे ती उडविणे. नाही तर गजाला मळसूत्र लावून गोळी उपसून काढावी लागे. तापीपलीकडे झैनाबादेस आहूखाना म्हणून जे मोगलांचे मृगोद्यान होते, जेथे 1631 मध्ये मुमताजमहलचा देह काही महिने विसावला होता, तेथे आलेल्या शिकाऱ्यांच्या हाती अशाच बंदुका असत.

पुढे अडीचशे वर्षांनी याच मुलखात कॅप्टन जेम्स फॉर्सिथ आला. बऱ्हाणपूर 1860 च्या सुमारास शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेले होते आणि निमाड जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचे काम फॉर्सिथकडे होते. सातपुड्याच्या जंगलांवरील त्याचा ग्रंथ 1871 मध्ये प्रसिद्ध झाला, तो आजही वाचला जातो. शिकारी रायफलीवर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नाही. जंगलात सावज शंभर-दीडशे पावलांच्या आतच दिसते. तेव्हा नळीच्या आट्यांचा पीळ अगदी सैल ठेवून वाटोळ्या गोळीमागे भरपूर बारूद घालावी, म्हणजे गोळी सरळ जाते, असा त्याचा सिद्धांत होता. फॉर्सिथच्या डोळ्यांदेखत ठासणीची बंदूक मागे पडत होती आणि मागून काडतूस घालावयाची बंदूक पुढे येत होती. दुनळी बंदूक मध्ये मोडली की दोन्ही काडतुसे डोळ्यांसमोर येत. ती काढून घेतली की बंदूक रिकामी झाली, हे शेजारच्या माणसासही दिसे.

यानंतरच्या सुधारणेने हा उघडेपणा पुन्हा झाकून टाकला. फ्रान्समध्ये 1884 च्या सुमारास धूर न करणारी बारूद निघाली, काडतूस बारीक झाले आणि एकाच नळीच्या बंदुकीत चार-पाच काडतुसांची पेटी बसविण्याची चढाओढ लागली. अमेरिकेत जेम्स पॅरिस ली याने 1879 मध्येच सुटी होणारी पेटी काढली होती. तीच पुढे ब्रिटिश फौजेच्या.303 बंदुकीत आली. जर्मनीत मॉझरने 1893 च्या बनावटीत काडतुसे दोन ओळींत आडवी-तिडवी रचून सगळी पेटी दस्त्याच्या आत दडविली. 1898 ची मॉझर बंदूक जगातील बहुतेक शिकारी रायफलींची आई होय. कुमाऊँचा जिम कॉर्बेट याला 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी .275 रिग्बी रायफल भेट मिळाली, तीही मॉझर पद्धतीचीच होती.

लष्करी मॉझरच्या पेटीचा तळ काडतुसाचे टोक खुपसून सोडवावा लागे. तो रणांगणावर नव्हे, साफसफाईच्या वेळी उघडावयाचा होता. शिकाऱ्यांसाठी बनविताना कारागिरांनी त्या तळाला बिजागरी बसविली आणि चापाच्या कडीपाशी खटका दिला. खटका दाबला की तळाचे झाकण खाली पडते आणि पेटीतली सारी काडतुसे तळहातावर येतात. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने 1936 च्या आपल्या सत्तर क्रमांकाच्या रायफलीत हीच सोय ठेवली. उलट काही कारखान्यांनी तळ मुळी ठेवलाच नाही. लाकडी दस्ता खालून अखंड, पेटी वरून भरावयाची आणि वरूनच रिकामी करावयाची. इंग्रजीत हिला ‘आंधळी’ पेटी म्हणतात. रेमिंग्टन कंपनीने 1962 मध्ये एकच रायफल दोन्ही प्रकारांत विकावयास काढली. साधीचा तळ बंद, महागडीच्या तळाला झाकण.

यांतली कोणती घ्यावी हा वाद तेव्हापासून चालत आला आहे आणि दोन्ही पक्षांजवळ सबळ मुद्दे आहेत. बंद तळाची रायफल वजनाने हलकी व किमतीने कमी असते. तिचा दस्ता खालून कोरलेला नसल्याने अधिक बळकट राहतो. पाणी व धूळ शिरावयास एक वाट कमी होते. तिच्यात मोडणारा खटका नाही, सैल होणारी बिजागरी नाही. भारी काडतुसाच्या धक्क्याने झाकण आपोआप उघडून ऐन वेळी काडतुसे गवतात सांडण्याची भीतीही नाही. जखमी जनावर समोर असता असे घडले तर काय ओढवेल, हे सांगावयास नको.

बंद तळाची खरी परीक्षा शिकार संपल्यावर होते. तिच्यातले प्रत्येक काडतूस बोल्ट मागे-पुढे करून वरूनच काढावे लागते. पेटीत चार काडतुसे असली तर चारदा जिवंत काडतूस नळीच्या तोंडाशी येते. त्यातच काही जुन्या बनावटींत सुरक्षेचा खटका लावला की बोल्टही अडकून बसे. म्हणजे बंदूक निर्धोक करण्यासाठी आधी तिचा निर्धोकपणाच काढून घ्यावा लागे! पुढे ती रचना बदलली, परंतु तशा रायफली अद्याप वापरात आहेत.

सातपुड्यातील शिकारीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणला म्हणजे याचे महत्त्व पटते. हाका संपलेला, दिवस मावळलेला, मचाणावरचा शिकारी थकलेला. खाली हाकेकरी जमलेले. ते बहुधा आसपासच्या पाड्यांवरचे कोरकू व भिल्ल. बंदूक खाली देताना किंवा बैलगाडीत ठेवताना तिचे तोंड कोणाकडे वळेल याचा नेम नसतो. शिकाऱ्याच्या चुकीचे प्रायश्चित्त अशा वेळी दुसऱ्यालाच भोगावे लागते. मजुरीवर आलेल्या त्या माणसाने ती बंदूक निवडलेली नसते. बिजागरीच्या झाकणाचा खरा धनी बंदुकीचा मालक नसून हा शेजारचा माणूस आहे.

तथापि झाकण हे सावधपणाची जागा घेऊ शकत नाही. झाकण उघडून काडतुसे हातात आली तरी एक काडतूस नळीच्या घरात उरलेले असू शकते. हातात पडलेल्या काडतुसांनी मनाचे जे समाधान होते, तेच घातक ठरते. म्हणून जाणत्यांचा नेम असा की, बंदुकीचे तोंड निर्जन दिशेला धरावे, बोल्ट उघडून घरातले काडतूस आधी काढावे, मग पेटी रिकामी करावी आणि शेवटी घर व पेटी ही दोन्ही डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपावी. भारी काडतुसाची व संकटाची शिकार असेल तेथे झाकण हवे, पण त्याचा खटका भक्कम हवा. इतरत्र बंद तळ चालेल. मात्र त्याच्या धन्याला घाई करण्याचा अधिकार नाही.

सातपुड्यातील हौशी शिकार आता इतिहासजमा झाली आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकारीच्या परवान्यांची वाटच बंद केली. बऱ्हाणपूरच्या शेजारचे मेळघाट 1973 पासून व्याघ्रप्रकल्पात आहे. परंतु परवान्याच्या बंदुका घरोघर उरल्या आहेत. निवडणुका आल्या की त्या ठाण्यात जमा होतात, पुन्हा घरी येतात. आजोबांची रायफल नातू माळ्यावरून काढून पुसतो. सावज नाही म्हणून धोका नाही, असे थोडेच आहे? चारशे वर्षांपूर्वी बऱ्हाणपुरात एका शहजाद्याने आपल्या बंदुकीच्या नळीत काय काय आहे याची चौकशी केली नाही. ती चौकशी करावयास क्षणभरच लागतो, आणि तो क्षण प्रत्येक वेळी द्यावाच लागतो.