नॅगिऑसच्या फाइली
सर्व्हरवर पाळत ठेवणारं नेटसेंट हे सॉफ्टवेअर इथन गॅलस्टॅडने १९९९ मध्ये आणलं. २००२ मध्ये त्याचं नॅगिऑस झालं. मी त्याच्या कॉन्फिगरेशन फाइली सांभाळल्या, आणि माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची सोय म्हणजे टेम्प्लेट. ‘डिफाइन होस्ट’ लिहायचं, महिरपी कंसात ‘यूज’पुढे टेम्प्लेटचं नाव द्यायचं, मग खाली उरतं फक्त मशीनचं नाव आणि आयपी. किती वेळाने तपासायचं, कोणाला कळवायचं, हे सगळं टेम्प्लेटमधून येतं. हजार मशीन असली तरी बदल एकाच जागी! बदलानंतर, रीलोडआधी फाइली तपासणारं ‘नॅगिऑस -व्ही’ चालवायचंच. कंस राहिला असेल तर ते फाइल आणि ओळ दाखवतं. २००९ मध्ये नॅगिऑसपासून वेगळ्या झालेल्या आयसिंगानेही सुरुवातीला हीच मांडणी ठेवली, त्यामुळे जुन्या फाइली तिथेही चालल्या.