पडद्यावरची आफ्रिका आणि आपली माणसे

बमरोलीहून दांडी फार लांब नाही. सकाळी निघाले तर समुद्र आणि स्मारक पाहून संध्याकाळच्या आरतीला घरी परतता येते. गावाकडचे पाहुणे आले की आपल्यापैकी बरेच जण त्यांना तिथे नेतात. नातवंडांना मिठाच्या सत्याग्रहाची गोष्ट सांगताना डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, ते मात्र बहुतेकांच्या बाबतीत एका इंग्रज दिग्दर्शकाने दिलेले असते. ते दिग्दर्शक म्हणजे रिचर्ड अ‍ॅटनबरो आणि चित्रपट म्हणजे १९८२ सालचा ‘गांधी’.

त्या चित्रपटातला पहिला मोठा भाग दक्षिण आफ्रिकेत घडतो. रेल्वेच्या डब्यातून बॅरिस्टर गांधींना सामानासकट खाली उतरवतात, तो १८९३ सालचा प्रसंग कोण विसरेल? पण गंमत अशी की पडद्यावरची ती आफ्रिका भारतातच उभी केलेली होती. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकार होते. भारताने त्या देशाशी व्यापार १९४६ पासूनच तोडला होता आणि जगभरातून सांस्कृतिक बहिष्काराची मागणी होत होती. गांधींवरचा चित्रपट तिथे जाऊन काढणे शक्यच नव्हते.

आज परदेशी चित्रपटकारांनी आपल्याकडे येऊन चित्रीकरण करावे म्हणून देशादेशांत चढाओढ आहे. मोरोक्को, दक्षिण आफ्रिका आणि आपण स्वतःही त्यात आहोत. खर्चातला काही हिस्सा सरकार परत करते, परवानग्या एका खिडकीवर मिळतात. १९८० साली यातले काही नव्हते. मग अ‍ॅटनबरो आले कसे?

ते वीस वर्षे येत होते असेच म्हणावे लागेल. लंडनमधल्या भारतीय वकिलातीत काम करणाऱ्या मोतीलाल कोठारी यांनी १९६२ मध्ये त्यांना गाठले आणि गांधींवर चित्रपट काढाच, असा आग्रह धरला. अ‍ॅटनबरो पुढच्या वर्षी पंडित नेहरूंना भेटले. नेहरू गेले, १९७० मध्ये कोठारीही गेले. मध्ये आणीबाणी येऊन गेली. शेवटी इंदिरा गांधींच्या सरकारने पाठबळ दिले आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने खर्चाचा मोठा वाटा उचलला. यावर देशात बराच गदारोळ झाला. आपल्याकडचे चांगले दिग्दर्शक पैशांसाठी दारोदार फिरत असताना सरकारी पैसा परक्याला का, हा प्रश्न विचारला गेला. तो प्रश्न चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही.

चित्रीकरण २६ नोव्हेंबर १९८० ला सुरू झाले आणि १० मे १९८१ ला संपले. दिल्लीत ३१ जानेवारीला अंत्ययात्रेचा प्रसंग घेतला तेव्हा तीन लाखांहून अधिक माणसे जमली. त्यातल्या सुमारे ९५ हजारांना थोडा मोबदला मिळाला, बाकीचे आपण होऊन आले होते. पडद्यावर तो प्रसंग जेमतेम दोन मिनिटांचा आहे. इतकी माणसे गांधींच्या नावावर आणखी कुठल्या देशात जमली असती?

पण गर्दीपेक्षा मला महत्त्वाची वाटतात ती नावानिशी काम करणारी माणसे. कस्तुरबांची भूमिका पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनी केली आणि ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळवला. गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. खऱ्या गोखल्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला होता आणि त्या दौऱ्यात गांधी त्यांचे चिटणीस म्हणून वावरले. डॉ. लागूंनीही आफ्रिका पाहिली होती. पूर्णवेळ नाटकात येण्याआधी ते टांझानियात टबोरा येथे कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणून काम करत होते. आणि गांधी झालेले बेन किंग्जली? त्यांचे मूळ नाव कृष्ण भानजी. त्यांचे गुजराती आजोबा झांझिबारला मसाल्याचे व्यापारी होते.

भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. गांधींच्या आफ्रिकेतल्या सुटापासून पंचापर्यंत आणि संस्थानिकांपासून खेडुतापर्यंत पन्नास वर्षांचा भारत त्यांना कपड्यांतून दाखवायचा होता. सुरतेत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, कापडावरून माणसाची पत, प्रांत आणि काळ तिन्ही कळतात. परदेशी वेशभूषाकाराला हे पुस्तकातून शिकावे लागले असते. ब्रिटिश वेशभूषाकार जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले, भारतीयाला मिळालेले पहिलेच. पुढे २०१२ मध्ये, आपल्यामागे ते नीट जपले जावे म्हणून, त्यांनी तो पुतळा अकादमीकडे परत सोपवला.

आणि सरकारी पैशाचे काय झाले? चित्रपट जगभर चालला. मिळकतीतला काही भाग महामंडळाने गरजू चित्रपट कलाकारांच्या मदतीसाठी स्थापलेल्या निधीत घातला. वृद्ध, विपन्न कलाकारांना त्यातून निवृत्तिवेतन मिळू लागले. त्या गदारोळाला याहून चांगले उत्तर नव्हते.

सगळ्यांनाच असे फळ येत नाही. याच अ‍ॅटनबरोंनी पुढे स्टीव्ह बिको या कृष्णवर्णीय नेत्यावर ‘क्राय फ्रीडम’ काढला. दक्षिण आफ्रिकेचे दार अजून बंदच होते, म्हणून ते शेजारच्या झिंबाब्वेत गेले. हा देश १९८० मध्येच स्वतंत्र झालेला, परदेशी चित्रपटकारांना बोलावण्याच्या खटपटीत असलेला. तिथल्या सरकारनेही चित्रपटात पैसा घातला. १९८७ मध्ये चित्रपट आला, नावाजला गेला, पण घातलेला पैसा काही वसूल झाला नाही. नव्या देशाच्या तिजोरीला तो घाव लहान नव्हता.

नुसता परतावा जाहीर करूनही भागत नाही. दक्षिण आफ्रिकेत ही योजना २००४ पासून आहे, तरी परताव्याची रक्कम थकल्यामुळे २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या चित्रपट व्यवसायातल्या लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. आपल्या सरकारने २०२३ मध्ये परतावा खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटी रुपये, असा वाढवला. त्या चित्रपटांत आपल्या माणसांना भानूताईंसारखे मानाचे काम मिळते की फक्त गर्दीत उभे राहण्याचे, हे मी तरी पाहणार आहे.

वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेचे दार उघडले. तेव्हा आपले श्याम बेनेगल तिथे परदेशी चित्रपटकार म्हणून गेले आणि १९९६ मध्ये ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’ आला. दरबानच्या फातिमा मीर यांच्या पुस्तकावर आधारलेला, आपल्या महामंडळाच्या भागीदारीतला. गांधी झाले रजित कपूर, कस्तुरबा पल्लवी जोशी. या वेळी पडद्यावर दिसली ती खरी आफ्रिका होती.