वात, तार आणि ओहमचा नियम : स्वतः बांधायच्या ई-सिगारेटचा इतिहास

१/ मे २०१८. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात एका घराला आग लागली. आत ३८ वर्षांच्या एका पुरुषाचा मृतदेह सापडला. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण आग नव्हे, तर ई-सिगारेटचा स्फोट असल्याचे निष्पन्न झाले. उपकरणाचे तुकडे कवटीत शिरले होते. अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिला ज्ञात मृत्यू होता.

२/ हे उपकरण ‘मेकॅनिकल मॉड’ या वर्गातले होते. धातूची नळी, आत बॅटरी, खाली एक बटण आणि वर तारेचे वेटोळे, एवढीच त्याची रचना असते. वीजप्रवाहावर नियंत्रण ठेवणारे सर्किट त्यात नसते. हे वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि त्यातली कापसाची वात वापरणारा स्वतःच्या हाताने बसवतो. अशा उपकरणांना ‘रिबिल्डेबल’ म्हणतात. त्यांच्या सुरक्षिततेची कथा जवळजवळ दोनशे वर्षे मागे जाते.

३/ आधी वात. निरांजनात जळते ते मुख्यतः तूप. वात ते फक्त वर ओढून आणते. तूप असेपर्यंत वात टिकते, तूप संपले की वातच जळू लागते. ई-सिगारेटमध्ये ज्योत नसते, पण तत्त्व हेच आहे. कापूस द्रव शोषून तापलेल्या तारेपर्यंत नेतो आणि त्या द्रवाची वाफ होताना तारेची उष्णता खर्च होते. ओलावा असेपर्यंत कापूस सुरक्षित राहतो. तो सुकला की करपतो.

४/ आता वीज. जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. विभवांतराला रोधाने भागले की विद्युतधारा मिळते, हे त्याचे सार. मायदेशात त्याचे स्वागत थंडपणे झाले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र त्यांना कॉप्ली पदक दिले. त्याच सुमारास जेम्स ज्यूल यांनी तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे दाखवले. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते.

५/ नियम सापडला, पण टिकाऊ तार सापडायला आणखी अनेक दशके लागली. लोखंडासारखी तार लाल होईपर्यंत तापवली की हवेतल्या ऑक्सिजनमुळे लवकरच खराब होई. १९०६ मध्ये अमेरिकेच्या अल्बर्ट मार्श यांना निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. हाच नायक्रोम, विजेचे टोस्टर त्यामुळेच व्यवहार्य झाले. पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्सोव यांनी लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू घडवला. कांत्सोव आणि हाल्स्टाहामार हे गाव या दोन नावांतून ‘कांथाल’ हे नाव तयार झाले. ई-सिगारेटच्या कॉइलसाठी आजही मुख्यतः याच दोन कुळांतल्या तारा वापरल्या जातात.

६/ तारेच्या उष्णतेने द्रवाची वाफ करून ती श्वासातून घ्यायची, ही कल्पनाही जुनीच. जोसेफ रॉबिन्सन यांनी १९२७ मध्ये विजेवर चालणाऱ्या वाफयंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९३० मध्ये मिळाले. त्यांचा हेतू औषधी द्रव्यांची वाफ देण्याचा होता. पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये अर्ज करून १९६५ मध्ये धूरविरहित, तंबाखूविरहित सिगारेटचे पेटंट मिळवले. दोन्ही कल्पना बाजारात रुजल्या नाहीत. लहान आकारात पुष्कळ ऊर्जा साठवणारी लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ मध्ये.

७/ चीनमधील शेनयांगचे औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आधुनिक ई-सिगारेट तयार केली. त्यांच्या मूळ रचनेत ध्वनितरंगांनी द्रवाचे सूक्ष्म थेंब करण्याची योजना होती. पुढच्या आवृत्त्यांत तिची जागा तापणाऱ्या तारेने घेतली. कारखान्यातून येणारी ही कॉइल बंदिस्त असे. ती खराब झाली की फेकून द्यायची. तार किती, रोध किती, बॅटरी कोणती, हा सारा हिशोब कारखान्यात झालेला असे.

८/ ही बंदिस्त कॉइल लवकर करपे आणि वाफही थोडीच देई. म्हणून हौशी मंडळींनी ती उघडून स्वतः बांधायला सुरुवात केली. वातीसाठी आधी सिलिकाची दोरी आली, काहींनी स्टीलच्या बारीक जाळीची गुंडाळी वापरली, आणि नंतर बहुतेकजण कापसाकडे वळले. येथे इतिहासाला वळण मिळाले. कारखान्यातला हिशोब आता वापरणाऱ्याच्या टेबलावर आला.

९/ त्यातून एक नवी कारागिरी घडली. तार सळईभोवती गुंडाळायची, रोध मोजायचा, मग कापूस न घालता कमी शक्तीवर कॉइल तापवून पाहायची. ती मध्यापासून कडेकडे सारखी लाल झाली तर ठीक. एखादाच वेढा आधी उजळला तर तेथे कापूस करपणार. कापूस ओढताना किंचित अडला पाहिजे. फार घट्ट झाला तर द्रव पोहोचत नाही, फार सैल झाला तर गळतो. तो द्रवात पुरता भिजल्यावरच बटण दाबायचे.

१०/ या द्रवातील प्रॉपिलीन ग्लायकॉल सुमारे १८८ अंश सेल्सिअसला, तर ग्लिसरीन सुमारे २९० अंशांना उकळते. वात सुकली की तापमान त्यापलीकडे जाते आणि फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये वाढतात. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी जास्त व्होल्टेजवर अशी द्रव्ये मोठ्या प्रमाणात आढळल्याचे प्रसिद्ध केले. एवढी करपट वाफ कोणी माणूस ओढूच शकणार नाही, असा प्रतिवाद दुसऱ्या संशोधकांनी केला. वाद चालला तरी दोन्ही बाजूंच्या मांडणीत एक गोष्ट समान होती : कोरडी वात धोकादायक आहे.

११/ मात्र करपलेली वात निदान चवीने इशारा देते. विद्युतधारा देत नाही. पूर्ण भारित लिथियम-आयन बॅटरीचा दाब ४.२ व्होल्ट असतो. कॉइलचा रोध ०.५ ओहम असेल तर धारा ८.४ अँपिअर. ०.२ ओहमला २१ अँपिअर. ०.१ ओहमला ४२ अँपिअर. शिवाय ०.४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की एकूण रोध ०.२ ओहमच उरतो. दाट वाफेच्या हौसेने रोध खाली खाली गेला आणि धारा वर चढत राहिली.

१२/ या उपकरणांत बहुधा ‘१८६५०’ नावाची बॅटरी असते : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. तिच्यातून सतत किती धारा घेता येईल याला मर्यादा असते, आणि ती प्रत्येक प्रकारात वेगळी असते. मर्यादा ओलांडली की बॅटरी तापते. आतील रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागली की तापमान आवरत नाही. बाहेर पडणाऱ्या वायूला नळीत वाट मिळाली नाही, तर ती नळी बंदुकीसारखी वागते. नव्या वेष्टनात विकल्या जाणाऱ्या काही बॅटऱ्यांवर क्षमतेचे आकडे फुगवून छापलेले असतात. तेव्हा हिशोब बरोबर करूनही उत्तर चुकते.

१३/ आणखी एक सापळा जोडणीत होता. ‘हायब्रिड’ रचनेत कॉइलच्या भांड्याची मधली पिन थेट बॅटरीच्या धन टोकावर टेकते. ही पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल, तर भोवतालची धातूची कड बॅटरीला भिडते आणि थेट शॉर्टसर्किट होते. प्लास्टिक वेष्टन फाटलेली बॅटरी धातूच्या नळीत सरकवली तरी तोच धोका.

१४/ दुसरी वाट इलेक्ट्रॉनिक्सने दाखवली. नियंत्रित उपकरणांतील सर्किट रोध मोजते आणि तो फार कमी असेल तर वीज सोडतच नाही. २०१४ मध्ये ‘डीएनए ४०’ या सर्किटने पुढचे पाऊल टाकले. निकेलची तार तापली की तिचा रोध वाढतो. त्या वाढीवरून तापमान ओळखून वीज कमी करायची. ओहमचा नियम पुन्हा यंत्राच्या पोटात गेला. तरीही मेकॅनिकल नळ्यांचे आकर्षण संपले नाही. साधेपणा, घडणीचे सौंदर्य आणि आपल्या हातावरचा विश्वास ही त्यामागची कारणे होती.

१५/ किंमतही मोजली गेली. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील ई-सिगारेटच्या आगी व स्फोटांच्या १९५ घटना नोंदल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले. यांत सर्व प्रकारची उपकरणे होती. अनेकदा खिशातली सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांना भिडूनही आग लागते. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे २४ वर्षांच्या तरुणाचा स्फोटात मृत्यू झाला. तुकड्याने त्याच्या मानेतील धमनी छेदली होती.

१६/ स्फोट टळला म्हणजे सारे निर्धोक, असेही नाही. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५६ वापरकर्त्यांची उपकरणे तपासली. बाटलीतल्या द्रवाच्या तुलनेत कॉइलवरून आलेल्या वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे प्रमाण अधिक आढळले.

१७/ भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. योगायोग असा की त्याच वर्षीचे रसायनशास्त्राचे नोबेल लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले.

१८/ तंत्रज्ञानाच्या इतिहासात धोका अनेकदा नव्या शोधातून येत नाही. जुन्या नियमाचा हिशोब एका हातातून दुसऱ्या हाती जातो, पण तो करण्याचे ज्ञान सोबत जात नाही, तेव्हा तो येतो. सुरुवातीच्या हौशींना आकडेमोड येत होती, कारण त्यांनीच ती उपकरणे उघडली होती. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांपर्यंत फक्त सुबक नळी पोहोचली. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला तो एका ओळीचा भागाकार मात्र नळीवर कोरलेला नव्हता.

(समाप्त)