निरोपाची रीत : धर्मशाळेपासून हॉटेलापर्यंत

मराठी घरांतून निघणारा मनुष्य ‘जातो’ असें म्हणत नाहीं, ‘येतो’ असें म्हणतो. निरोप कसा असावा याविषयीं आपल्या समाजाची जी समजूत आहे, ती या एका शब्दांत उतरली आहे. पाहुण्याचें स्वागत कसें करावें याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु त्याचें जाणें कसें व्हावें, हा प्रश्न त्याहून नाजुक आहे. मनुष्य येतो तेव्हां विश्वासानें येतो. तो निघूं लागला म्हणजे हिशेब उभा राहतो. यजमानाला आपली वस्तु व आपला पैसा सांभाळावयाचा असतो, दाराशीं उभ्या असलेल्या नव्या वाटसरूला जागा हवी असते, आणि जाणाऱ्याला आपला मान घेऊन बाहेर पडावयाचें असतें. या तीन हक्कांचा मेळ निरनिराळ्या काळीं कसा घातला गेला, हें पाहिलें तर वाटसरूंच्या निवाऱ्याचा सारा इतिहासच डोळ्यांपुढें उभा राहतो.

आपल्या प्राचीन ग्रंथांनीं ‘अतिथि’ हा शब्दच मुळीं जाण्याशीं जोडला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत एकच रात्र राहणाऱ्या ब्राह्मणाला अतिथि म्हटलें असून, त्याचें राहणें नित्याचें नसतें, म्हणून तो अतिथि, असें कारण दिलें आहे. पाहुणा निघाला म्हणजे यजमानानें कांहीं अंतर त्याच्यामागून चालत जावें, या रीतीला ‘अनुव्रजन’ असें म्हणत. तें किती करावें, याचे मात्र दोन निराळे मापदंड आढळतात. मनुस्मृतीचा मापदंड प्रतिष्ठेचा आहे : आसन, बिछाना व अनुव्रजन हीं श्रेष्ठाला श्रेष्ठ प्रतीचीं, समानाला समान आणि हीनाला हीन प्रतीचीं द्यावीं. आपस्तंब धर्मसूत्राचा मापदंड प्रवासाचा आहे. ज्याच्यापाशीं वाहन आहे त्याला वाहनापर्यंत पोंचवावें. इतरांबरोबर ते परतण्याची अनुज्ञा देईपर्यंत चालावें. आणि पाहुणा अनुज्ञा देण्यास विसरलाच, तर गांवच्या शिवेवरून यजमानानें खुशाल परतावें. येथें पाहुणा किती थोर आहे यापेक्षां तो कसा जाणार आहे, हा विचार पुढें आला. पुढील दोन हजार वर्षांच्या व्यवस्थेंत हे दोन्ही मापदंड आलटून पालटून दिसतात.

गांवाच्या जागीं नगर आलें, तेव्हां या घरगुती रीतींत राजसत्तेनें प्रवेश केला. कौटिलीय अर्थशास्त्रांत नगराच्या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगतांना, घरधन्यानें येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची, दोघांचीही खबर दिली पाहिजे असा नियम आहे. ती न दिली, तर त्या रात्रीं घडलेल्या अपराधाचा दोष त्याच्या माथीं येई; रात्र निर्विघ्न पार पडली तरीही तीन पण दंड ठरलेला होता. पाहुण्याच्या जाण्याची नोंद करणें हें अशा रीतीनें सौजन्य न राहतां कायदा झालें.

परंतु पाळत ठेवणारी सत्ता काळजीही घेऊं शकते. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारीं आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनीस यानें पाटलिपुत्राच्या कारभाराचें जें वर्णन केलें, त्यांतील कांहीं भाग स्ट्रेबो या ग्रंथकारामुळें उपलब्ध आहे. नगराचा कारभार पांच-पांच जणांच्या सहा मंडळांकडे असे, व त्यांपैकीं एक मंडळ केवळ परकीयांसाठीं होतें. तें त्यांना राहण्यास जागा देई, माणसें नेमून त्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवी, आजारी पडल्यास शुश्रूषा करी आणि परत निघाल्यास सोबत देऊन वाटेला लावी. एखादा परकीय तेथेंच मरण पावला, तर त्याला मूठमाती देऊन त्याची मालमत्ता मार्गस्थ करण्यांत येई. जो स्वतःच्या पायांनीं परत जाऊं शकत नाहीं, त्याचाही निरोप यजमानाच्या अंगावर असतो, हा विचार सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं या देशांत रुजलेला होता.

जाणाऱ्याची मोजदाद आणि त्याचें रक्षण यांची सांगड सर्वांत पक्की कोठें पडली असेल, तर ती चीनमध्यें. चौदाव्या शतकांतील मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानें तेथील पथिकाश्रमांची रीत आपल्या प्रवासवर्णनांत दिली आहे. सायंकाळीं अधिकारी आपल्या कारकुनासह येई, मुक्कामास असलेल्या सर्वांचीं नांवें लिहून त्या यादीवर शिक्का मारी व दरवाजा बंद करी. सकाळीं तो पुन्हां येऊन एकेकाला नांवानें हांक मारी, यादी पडताळी आणि सर्वांना एका माणसाच्या सोबतीनें पुढील टप्प्याला धाडी. तेथील अधिकाऱ्याकडून ‘सर्व सुखरूप पोंचले’ असा दाखला या माणसाला परत आणावा लागे. तो न आणल्यास जबाबदारी त्याची. तात्पर्य, प्रवासी दाराबाहेर पडला म्हणजे यजमान सुटला असें होत नसे. तो पुढच्या दारांत शिरला म्हणजेच सुटे.

आपल्याकडील सरायांत ही जबाबदारी दरवाजापाशीं संपत असे, पण तेथवर ती कडक होती. शेरशहानें १५४० ते १५४५ या आपल्या अल्प कारकीर्दींत हमरस्त्यांवर दर दोन कोसांना सराया बांधल्या, असें त्याचा इतिहासकार अब्बास सरवानी लिहितो. त्यांत हिंदूंची व मुसलमानांची सोय निरनिराळी होती. पुढें मोगल अमदानींत आलेला व्हेनिसचा मनुची यानें सरायांतील सकाळीचें वर्णन केलें आहे. एका सराईंत आठशें-हजार माणसें आपल्या घोड्या-उंटांसह मावत. पहाटे दरवाजा उघडण्यापूर्वीं पहारेकरी तीन वेळां मोठ्यानें पुकारा करी कीं, प्रत्येकानें आपआपली वस्तु पाहून घ्यावी. कोणाचें कांहीं हरवलें असेल, तर तें सांपडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. आणि चोर सांपडला कीं सराईसमोरच त्याला फांशीं देत. ही रीत कठोर खरी. परंतु तीमुळें रात्रभर शेजारीं झोंपलेल्या अनोळखी माणसांना मनांत संशय न ठेवतां वेगळें होतां येत असे. निरोपापूर्वीं हिशेब पुरा व्हावा, म्हणजे मागें किल्मिष राहत नाहीं.

धर्मशाळेचा प्रश्न याहून निराळा होता. तेथें भाडें नव्हतें, म्हणून बाहेर काढण्याचें साधनही नव्हतें. अहिल्याबाई होळकरांनीं काशी, गया अशा दूरदूरच्या क्षेत्रीं घाट व धर्मशाळा बांधविल्या. गांवोगांवच्या सावकारांनीं व व्यापाऱ्यांनीं हीच वाट धरली. दात्याचें दान सर्वांना पुरावें, म्हणून पुष्कळ धर्मशाळांतून तीन दिवसांचा नियम पडला. इस्लामी परंपरेंतही पाहुणचाराची मर्यादा तीन दिवसांचीच सांगितली आहे. तीन दिवस झाले म्हणजे स्वयंपाकाचीं भांडीं घांसून परत द्यावयाचीं, गाद्या मोजून द्यावयाच्या, खोली झाडून आपलें कुलूप काढावयाचें आणि इच्छा असेल तें दानपेटींत टाकावयाचें. आजारी माणूस किंवा अडचणींत सांपडलेलें कुटुंब असेल, तर व्यवस्थापकाच्या परवानगीनें मुदत वाढे. नियम सर्वांना एक आणि सवलत गरज पाहून, हें शहाणपण या साध्या व्यवस्थेंत होतें.

इंग्रजी अमदानींतील डाकबंगल्यानें तीन दिवसांचे चोवीस तास केले. खोली भरलेली असली व नवा प्रवासी आला, तर चोवीस तास राहून झालेल्यानें जागा मोकळी करावी, असा दंडक होता. निघतांना नोंदवहींत येण्याची व जाण्याची तारीख, दिलेली रक्कम आणि तक्रार असल्यास ती लिहावयाची. ती वही वरिष्ठ अधिकारी पाहत, म्हणून खानसाम्याला तिचा धाक असे. जाणाऱ्या पाहुण्याचें मत लेखी घेण्याची प्रथा हॉटेलांनीं आज आपलीशी केली आहे. डाकबंगल्याच्या वहीनें ती या देशांत फार पूर्वींच रुळविली होती.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली, आणि निरोपाचें घड्याळच बदललें. तोंवर गाडीवान, यात्रेकरू व सौदागर सारे उन्हाच्या आधीं, पहांटेस एकदमच निघत. आतां कोणाची गाडी पहांटे, कोणाची दुपारीं, तर कोणाची मध्यरात्रीं. बंदरावर आगबोटीच्या वेळा निराळ्याच. मुंबईंत १८७१ सालीं वॉटसन यांचें हॉटेल उघडलें, १९०३ सालीं ताजमहाल हॉटेल उभें राहिलें; अशा ठिकाणीं सर्वांना एकदम निरोप देणें अशक्य झालें. म्हणून हॉटेलांनीं एक मध्यबिंदु शोधला : दुपारीं बाराच्या सुमारास खोली सोडावी, म्हणजे चादरी बदलून व झाडलोट करून संध्याकाळच्या पाहुण्याला ती देतां येते. लहान लॉजांतून मात्र आगमनापासून चोवीस तास मोजण्याची रीत आढळते. स्मृतींतील एका रात्रीचें माप अशा रीतीनें पाटीवर येऊन बसलें.

भाडें आलें तसा पैशाचा तंटाही आला. इंग्रजी कायद्यानें पथिकाश्रमाच्या मालकाला एक मोठा हक्क दिला होता : बिल चुकतें होईपर्यंत पाहुण्याचें सामान त्याला अडवून धरतां येई. परंतु या हक्काला शीव होती. १८३८ सालच्या एका निवाड्यानें ठरविलें कीं, पैशासाठीं पाहुण्याला स्वतः अडकवून ठेवतां येणार नाहीं, आणि त्याच्या अंगावरचे कपडेही काढून घेतां येणार नाहींत. १८७८ च्या कायद्यानें अडविलेलें सामान विकण्याची मुभा दिली, ती सहा आठवडे थांबून आणि विक्रीपूर्वीं निदान एक महिना वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन. मालकाचा पैसा खरा, पण माणसाची अब्रू त्याहून मोठी, हाच या मर्यादेचा अर्थ होय. हिंदुस्थानांत १८६७ च्या सराई कायद्यानें पोलिसांकडे द्यावयाची खबर, स्वच्छता आणि सांथीच्या रोग्याची वर्दी हीं मालकाचीं कर्तव्यें ठरविलीं. कौटिल्याचा जुना नियमच नव्या पोषाखांत परत आला.

आज हॉटेलाच्या गल्ल्यामागें उभा असलेला कारकून या साऱ्या इतिहासाचा वारस आहे. पहांटेच्या गाडीनें जाणाऱ्या व्यापाऱ्याचें बिल तो आदल्या रात्रींच तयार ठेवतो. यात्रेच्या संघाचा हिशेब एकट्या म्होरक्याशीं करतो, पण किल्ल्या मात्र प्रत्येक खोलीच्या मोजून घेतो. ज्याची गाडी रात्रीची आहे, त्याला बारा वाजतां खोली सोडावयास सांगतो, पण त्याचें सामान संध्याकाळपर्यंत सांभाळतो. लहान मूल किंवा वृद्ध बरोबर असलेल्या कुटुंबाला घटकाभर अधिक देतो. परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवितो. हा भेद त्यानें पाहुण्याच्या पोषाखावरून केला, तर तो मनुस्मृतीचा जुना मापदंड होईल; त्याच्या पुढील प्रवासावरून केला, तर तो आपस्तंबाचा होईल. दुसरा मापदंडच टिकाऊ आहे. कारण वाटेवर सारेच सारखे असतात, गरजा तेवढ्या निराळ्या.

महाराष्ट्रानें निरोपाचें हें कर्तव्य एकदां फार मोठ्या प्रमाणावर पाहिलें. मुंबईंतील सरदारगृह हें उतारूंचें वसतिस्थान. लोकमान्य टिळक मुंबईंत आले म्हणजे तेथें उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, त्यांचें तेथेंच देहावसान झालें. त्या दिवशीं भर पावसांत या पाहुण्याला पोंचविण्यासाठीं अवघी मुंबई सरदारगृहापासून चौपाटीपर्यंत चालत गेली. गांवच्या शिवेपर्यंत अनुव्रजन करावें, असें सूत्रकारांनीं सांगितलें होतें. मुंबईची शीव त्या दिवशीं समुद्राच्या कांठाशीं होती.