शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं का रडतात, आणि डोळा चुकवून निघणं का महागात पडतं?

जून आला की बालवाडीच्या गेटवरचं चित्र ठरलेलं असतं. एक जण आईच्या ओढणीला लटकलेला, दुसरीने आजोबांच्या गळ्याला घट्ट मिठी मारलेली आणि आतून बाई सांगतायत, "तुम्ही निघा हो, पाच मिनिटांत गप्प होईल." याचे रील्सही भरपूर फिरतात, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग असते. पण त्या रडण्यामागे नेमकं काय चाललेलं असतं?

बाळ साधारण आठ महिन्यांचं झालं की त्याला एक मोठी गोष्ट उमगायला लागते. डोळ्यांआड गेलेली वस्तू किंवा माणूस संपत नाही, कुठेतरी असतो. त्याच सुमारास आई नुसती स्वयंपाकघरात गेली तरी रडणं सुरू होतं. मानसशास्त्रात याला 'सेपरेशन अँग्झायटी' म्हणतात. म्हणजे हे रडणं हट्ट नसून वाढ नीट होत असल्याची खूण आहे. आई गेली हे कळतं, ती कधी येणार हे कळत नाही.

बहुतेक मुलांमध्ये तिसऱ्या वर्षापर्यंत हे ओसरतं. आणि नेमकं त्याच वयात आपण त्यांना नवी जागा, नव्या बाई, वीस अनोळखी मुलं आणि वेगळा संडास हे सगळं एकाच सकाळी देतो!

शांत झालं म्हणजे रुळलं का?

इथे एका जुन्या फिल्मची गोष्ट सांगायला हवी. 1952 साली ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी 'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल' नावाचा माहितीपट केला. लॉरा नावाची जेमतेम अडीच वर्षांची मुलगी छोट्या ऑपरेशनसाठी आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. तेव्हा आईवडिलांना मुलाजवळ राहू देत नसत. लॉरा फारशी रडली नाही. पण दिवसागणिक ती गप्प होत गेली, आईशीही तुटक वागू लागली. कॅमेऱ्याने टिपलं ते हेच. 'शहाणं मूल, रुळलं' असं मानणाऱ्या अनेक डॉक्टरांना ते बघवलं नाही. पुढे 1959 साली तिथल्या सरकारी समितीनेच पालकांना भेटीची मोकळीक द्यावी अशी शिफारस केली.

बालवाडी म्हणजे हॉस्पिटल नव्हे, दोन-तीन तासांचा प्रश्न असतो. तरी यातली एक गोष्ट लागू पडते: मूल गप्प आहे एवढ्यावर जाऊ नका. खेळतंय का, खातंय का, बाईंच्या जवळ जातंय का, हे विचारा.

मग गुपचूप सटकलं तर काय बिघडतं?

बरेच पालक करतात तेच. मूल घसरगुंडीकडे वळलं की हळूच गेटबाहेर. त्या दिवशी सुटका होते, पण मूल शिकतं ते असं की आईवरून नजर हटली की ती गायब होते. दुसऱ्या दिवशी ते घसरगुंडीकडे बघतही नाही, पदर धरून बसतं.

त्यापेक्षा सांगून निघा. थोडक्यात सांगा, आणि निघालात की परत वळू नका. "साडेअकराला येते" याचा तीन वर्षांच्या मुलाला काहीच अर्थ लागत नाही. "डबा खाऊन झाला, गाणं झालं की मी गेटवर" हे समजतं. आणि खरंच गेटवर असा. सोबत घरचा रुमाल किंवा छोटं खेळणं असेल तर असू द्या. काही शाळा ते आणू देत नाहीत. का, ते मला अजून कळलेलं नाही.

शाळाच घराकडे गेली तेव्हा

नव्या जागेत ओळखीचं काहीतरी हवं, याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण पालघर भागातलं आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. अनुताई वाघ सोबत होत्या. त्यांचा प्रश्न रडण्याचा नव्हता. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येतच नव्हती. धाकट्या भावंडांना सांभाळायचं, गुरं राखायची. मग बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात भरू लागली. खडे, पानं, बिया हेच शिकण्याचं साहित्य. गुराख्यांसाठी तर कुरणशाळा. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द याच कामातून आला. 1975 मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेत तोच रुजला.

काळजी कधी करायची?

पहिले काही दिवस रडणं, घरी आल्यावर चिडचिड, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं हे बऱ्याच मुलांत दिसतं. चार आठवडे उलटूनही रोज तितकीच घाबरगुंडी, पोटदुखी किंवा झोप उडणं चालू असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आणि हो, दिवाळीच्या सुट्टीनंतर गेटवर पुन्हा तोच तमाशा होऊ शकतो. दचकू नका. या वेळी तो बहुतेकदा लवकर आटोपतो, कारण आता बाईंचं नाव पाठ असतं आणि घसरगुंडी कुठे आहे तेही माहीत असतं.