पाळीव कुत्र्या-मांजरांचे दंतारोग्य

पाळीव कुत्र्या-मांजरांत सर्वाधिक आढळणारा मुखविकार म्हणजे हिरड्यांचा आणि दात धरून ठेवणाऱ्या हाडाचा दाह. कुत्र्याला ४२ व मांजराला ३० कायमचे दात असतात. त्यांवर जिवाणूंचा चिकट थर सतत बसत राहतो आणि तो पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच त्याचे टणक कीटण बनते. माणसासारखी दातांची कीड कुत्र्यांत कमी, मांजरांत तर क्वचितच दिसते. म्हणून गूळ-साखर बंद केली की दात वाचले, हा हिशेब येथे लागू पडत नाही. खरा रोग हिरडीच्या कडेखाली, नजरेआड वाढतो. दात पांढरा दिसतो एवढ्यावरून तो निरोगी ठरत नाही.

कोल्हापुरात मटणाचा बेत झाला की उरलेली हाडके, नळ्या कुत्र्याच्या वाट्याला येतात आणि हाड चघळल्याने दात आपोआप साफ होतात, असे त्याचे समर्थन केले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे: घर्षणाने दातावरचे कीटण खरोखर कमी होते. मात्र दक्षिण हिंदी महासागरातील मॅरियन बेटावर पक्षी मारून जगणाऱ्या रानटी मांजरांच्या कवट्या तपासल्या, तेव्हा कीटण थोड्याच मांजरांत आढळले, तर दातांभोवतीच्या हाडाचा विकार निम्म्याहून अधिक मांजरांत. १९९६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास ‘रस्त्यावरच्या कुत्र्याचे दात कोण घासतो?’ या प्रश्नालाही उत्तर देतो. निसर्गातले खाणे दाताचा दर्शनी भाग घासते, हिरडीच्या कडेचे रक्षण करीलच असे नाही. शिवाय टणक हाडावर वरच्या जबड्यातील मोठ्या दाढेचा टवका उडून आतली नस उघडी पडते. शिजलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या अन्ननलिकेत वा आतड्यात रुततात. रश्शातला कांदा-लसूण तर दोन्ही प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो.

भरवशाचा घरगुती उपाय म्हणजे रोज ब्रश करणे. कीटण बनण्याआधी थर काढायचा असल्याने आठवड्यातून एकदा केलेली जोरदार घासाघीस निरुपयोगी ठरते. ओठ किंचित वर उचलून, मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून दातांची गालाकडची बाजू घासावी. त्यातही वरच्या दाढांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण लाळग्रंथीची नळी तेथेच उघडते. माणसाची टूथपेस्ट वापरू नये: प्राणी ती गिळतात आणि काही पेस्टमधील झायलिटॉल कुत्र्यांना घातक असते. पिल्लूपणीच तोंडाला हात लावून घेण्याची सवय लागली, तर पुढची झटापट टळते.

एकदा जमलेले कीटण मात्र ब्रशने निघत नाही. भुलीच्या भीतीने अनेक पालक शुद्धीत असतानाच दात खरवडून घेणे पसंत करतात. भूल पूर्ण निर्धोक नसते, ही शंका रास्त आहे आणि म्हणूनच आधी रक्ततपासणी करतात. परंतु जागा प्राणी हिरडीखाली अवजार घालू देत नाही. वरचा भाग चकचकीत होतो, रोग तसाच राहतो. भुलीत श्वासनलिकेत नळी घातलेली असल्याने पाणी व घाण फुप्फुसात उतरण्याचा धोकाही कमी होतो आणि दातांची क्ष-किरण तपासणी करता येते. मांजरांत ती विशेष महत्त्वाची, कारण त्यांच्यात दात मुळाकडून विरघळण्याचा एक वेदनादायक विकार वरचेवर आढळतो आणि ब्रशने तो रोखता येत नाही. मांजर दुखणे लपवते. एका बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे किंवा लाळ गळणे दिसताच पशुवैद्याकडे न्यावे.